फसवणूक ओळखणारा विवेक : ख्रिस्ती दृष्टिकोन

ख्रिस्ती विचारात फसवणूक ओळखणे हा श्रद्धेचाच भाग मानला जातो. येशूने शिष्यांकडून भोळेपणाची अपेक्षा केली नाही. मन निष्कपट हवे आणि जोडीला चातुर्यही हवे, अशी त्याची शिकवण होती. डोंगरावरील प्रवचनात त्याने खोट्या संदेष्ट्यांबद्दल सावध केले आणि त्यांना ओळखण्याची खूणही सांगितली. वेश आणि बोलणे यांवर न जाता माणसाच्या वागण्याला कोणती फळे येतात, ते पाहावे. प्रेषित पौलानेही थेस्सलनीकाच्या मंडळीला प्रत्येक गोष्ट पारखूनच स्वीकारायला सांगितले. गोंदियाच्या शेतकऱ्याला ही रीत नवी नाही. आधारभूत खरेदी केंद्रावर धानातला ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला, की वजनकाट्यावर पोते चढत नाही.

शहाणी माणसेही फसतात, याचे उदाहरण बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकात आहे. गिबोनचे लोक जवळचेच रहिवासी होते. तरी झिजलेली पायताणे, फाटके बुधले आणि बुरसटलेल्या भाकरी घेऊन ते आले आणि आपण दूरदेशीचे आहोत, असे त्यांनी भासवले. इस्राएलच्या पुढाऱ्यांनी शिदोरी तपासली, पण देवाला विचारले नाही, आणि करार करून टाकला. तीन दिवसांनी खरे काय ते कळले. ठकवणाऱ्याने स्वतःच पुढे केलेला पुरावा तपासून भागत नाही, हा या कथेचा धडा आहे. मोबाइलवर दाखवलेले पोलिसांचे ओळखपत्र, गुंतवणुकीत दामदुप्पट मिळाल्याचे दाखवणारे आकडे, धानाचे चुकारे जमा होण्याच्या सुमारास ओटीपी मागणारा 'बँकेचा' फोन, ही सगळी त्या बुरसटलेल्या भाकरींचीच जात. खात्री करायची ती स्वतः बँकेच्या शाखेत किंवा पोलीस ठाण्यात जाऊन. पोलीस असल्याचे भासवून फोनवरूनच केली जाणारी 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही.

देवाच्या नावाने होणारी फसवणूक अधिक घातक असते, कारण तिथे शंका घेणेच पाप वाटू लागते. अलीशा संदेष्ट्याने नामान नावाच्या माणसाचे कोड बरे झाल्यावर त्याची भेट नाकारली. अलीशाचा सेवक गेहजी मात्र नामानाच्या मागे धावला आणि धन्याच्या नावावर खोटे बोलून रुपे व वस्त्रे घेऊन आला. बायबल ही गोष्ट झाकून ठेवत नाही. प्रार्थनेचा मोबदला मागणारा, औषध बंद करायला लावणारा, घरच्यांपासून गोष्टी लपवायला सांगणारा आणि प्रश्न विचारताच शापाची भीती घालणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, ख्रिस्ती उपदेशक असो की मांत्रिक, त्याला फळांवरून ओळखण्याची तीच कसोटी लागू होते.

प्रार्थना आणि उपचार यांत विरोध नाही. पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात साप चावलेल्याला लगेच रुग्णालयात नेणे हाच शहाणपणा. दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि दंड आहे.

शहाणपण मिळवावे कसे, हा पुढचा प्रश्न. शलमोन राजाने देवाकडे धन किंवा दीर्घायुष्य मागितले नाही, न्याय करता यावा म्हणून समज मागितली. याकोबाच्या पत्रातही शहाणपण कमी पडल्यास देवाकडे मागावे, असे सांगितले आहे. पण मागणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. बिरुयातील लोक पौलाचे म्हणणेसुद्धा रोज शास्त्राशी ताडून पाहत, आणि बायबलने त्यांना थोर मनाचे म्हटले आहे.

या वृत्तीचे मराठी उदाहरण म्हणजे कवी नारायण वामन टिळक. नागपूरहून गोंदियामार्गे राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी भाकितावर विसंबून धर्म बदलला नाही. ग्रंथ वाचला, डोंगरावरील प्रवचनाशी थबकले, शंका काढल्या, पत्रव्यवहार केला. मग 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा निर्णय पटो वा न पटो, निर्णयापर्यंत जाण्याची त्यांची रीत पारखणाऱ्या माणसाची होती.

घाई, गुप्तता, भीती आणि लोभ यांपैकी काहीही दिसले, तर निर्णय निदान एक दिवस पुढे ढकलावा आणि ज्याचा त्यात काडीचा फायदा नाही अशा जाणत्या माणसाला विचारावे. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर कळवावे. लवकर कळवले तर रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता वाढते.