दर्यावर वाट सांगणारी डबी

(कोळीवाड्यातील साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



दर्यावर रस्ता नसतो. तेथे मैलाचा दगड नाही, पाटी नाही, वाट विचारायला माणूस नाही. तरीही आपले वाडवडील होडी घेऊन आत जात आणि बरोबर आपल्याच बंदरात परत येत. ते कसे? देवळाचे शिखर आणि मागचा डोंगर एका रेषेत आले, की आपण कुठे आहोत ते त्यांना कळे. रात्री ते ध्रुवतारा पाहत. हे ज्ञान खरे आहे. ते सोडून द्या, असे सांगायला आम्ही आलेलो नाही.

पण धुके पडले तर? पावसाने किनारा झाकला तर? मग शिखर दिसत नाही आणि तारेही दिसत नाहीत. अशा वेळी कामास येणाऱ्या एका लहान डबीची माहिती आज करून घेऊ. तिला जीपीएस रिसीव्हर म्हणतात. रिसीव्हर म्हणजे ऐकणारे यंत्र.

ही डबी कुणाचे ऐकते? पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरत असतात. ते तीसच्या आसपास आहेत. प्रत्येक उपग्रह सारखा सांगत असतो, "मी अमुक ठिकाणी आहे, आणि आता इतके वाजले आहेत." हा निरोप एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतो. तरी खाली पोचायला त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. निरोप किती उशिरा आला, हे डबी मोजते. त्यावरून तो उपग्रह किती दूर आहे, हे तिला कळते. तीन उपग्रहांचे अंतर कळले की जागा ठरते. डबीचे घड्याळ उपग्रहाच्या घड्याळाइतके अचूक नसते, म्हणून चौथाही लागतो. पाहा, शिखर आणि डोंगर यांच्यावरून जागा ओळखण्याचाच हा प्रकार! खुणा तेवढ्या आकाशात गेल्या.

तुमच्यातला कुणी म्हणेल, "अहो, आमच्या फोनमध्येच जीपीएस आहे. मग वेगळी डबी कशाला?" प्रश्न बरोबर आहे. आजच्या बहुतेक फोनांत ही सोय असते. पण डबीला उघडे आकाश दिसावे लागते. फोन उघड्यावर ठेवला तर पाण्याचे तुषार उडतात, उन्हाने तापतो. डबी मात्र केबिनच्या छपरावर बांधून ठेवता येते. फोन आत कोरडा राहतो. दोघांमध्ये तार लागत नाही. ब्लूटूथ नावाच्या बिनतारी सोयीने डबी फोनशी बोलते. ही सोय साधारण दहा मीटरपर्यंत चालते. होडीवर तेवढी पुरते.

आणखी एक कारण आहे, आणि ते जिवाशी गाठ घालणारे आहे. २०१७ सालच्या नोव्हेंबरअखेर ओखी नावाचे चक्रीवादळ आले. केरळ आणि तमिळनाडूच्या कित्येक होड्या आधीच खोल समुद्रात गेल्या होत्या. किनाऱ्यापासून दहाबारा किलोमीटरपुढे मोबाइलला रेंज मिळणे कठीण. वादळाचा इशारा त्यांना कोण देणार? अनेक मच्छिमार बुडाले. अनेक घरांचा कर्ता माणूस गेला. काहींचे नशीब बलवत्तर. त्या राज्यांतल्या ६८ होड्या ९५२ माणसांसह आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या.

या दुःखातून एक उपाय निघाला. आपल्या देशाची गगन नावाची उपग्रह व्यवस्था आहे. ती मुळात विमानांसाठी उभारली. जीपीएसमधली चूक ती दुरुस्त करून सांगते. तिचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत आणि खालून पाहिले तर एका जागी स्थिर असल्यासारखे राहतात. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेने विमानतळ प्राधिकरणाबरोबर काम करून, याच उपग्रहांवरून मच्छिमारांना निरोप धाडण्याची सोय केली. त्यासाठी जेमिनी नावाची डबी तयार झाली. ती ऑक्टोबर २०१९ मध्ये देशापुढे ठेवली गेली. डबी उपग्रहाचा निरोप घेते आणि ब्लूटूथने फोनला देते. वादळ, उंच लाटा, मासळी कुठे सापडण्याचा संभव, असे निरोप फोनच्या पडद्यावर वाचता येतात. मोबाइलची रेंज नसली तरी चालते.

आता डबी वापरायची कशी, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट. तयारी घरीच करायची. डबी आणि फोन दोन्ही पूर्ण चार्ज करा. फोनमध्ये ब्लूटूथ चालू करून डबीशी जोडणी करून घ्या. आपल्या भागाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. जागा उपग्रहावरून कळते, पण नकाशा इंटरनेटवरून येतो. दर्यात गेल्यावर तो उतरवता येत नाही.

दुसरी गोष्ट. बंदरातून निघण्यापूर्वी डबी उघड्यावर ठेवून थोडा वेळ थांबा. तिला उपग्रह सापडू द्या. मग आपल्या बंदराची खूण फोनमध्ये साठवा. वाटेतल्या खडकांच्या खुणाही साठवा. या खुणा म्हाताऱ्या तांडेलांना विचारून घ्या. यंत्र परतीची सरळ रेघ दाखवते. पण त्या रेघेवर खडक आहे की नाही, ते पाहणे तुमचे काम.

तिसरी गोष्ट. रेंज नसताना फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी संपवतो. म्हणून खोल गेल्यावर फोन विमान मोडवर टाका आणि ब्लूटूथ पुन्हा चालू करा. होकायंत्र मात्र होडीवर असूच द्या. त्याला बॅटरी लागत नाही.

चौथी गोष्ट आकड्यांची. जागा दोन आकड्यांत सांगतात. एक अक्षांश, दुसरा रेखांश. एका अंशाचे ६० मिनिट भाग असतात. कधी यंत्र १८.५० असे दाखवते. कुणी त्याला "अठरा अंश पन्नास मिनिटे" असे वाचतो. ते चूक! १८.५० म्हणजे साडेअठरा अंश, म्हणजेच १८ अंश ३० मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. येथे २० मिनिटांचा फरक पडला. म्हणजे २० सागरी मैल, सुमारे ३७ किलोमीटर. एक जागा रेवदंड्याच्या बाजूला, तर दुसरी मांडव्याच्या बाजूला! बुडत्याला वाचवायला निघालेली बोट अशाने भलतीकडे जाईल. म्हणून आकडा सांगताना टिंब आहे की मिनिटे आहेत, हे स्पष्ट सांगावे.

पालघरकडचे कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. तिकडे पाण्यावर सरहद्दीची रेघ दिसत नाही. बोट पलीकडे गेली म्हणून पाकिस्तानात पकडले गेलेले खलाशी वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले आहेत. मागे घरी बायकापोरांचे हाल झाले. आपण नेमके कुठे आहोत हे आकड्यांत वाचता आले, तर वेळीच मागे फिरता येते. हे केवळ तांडेलाने नव्हे, प्रत्येक खलाशाने शिकावे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळांना वाटते, "डबी आहे ना, मग सरकारला आपण दिसतोच." तसे नाही! ही डबी ऐकते, बोलत नाही. तुमची जागा ती तुम्हांला सांगते, घरच्यांना सांगत नाही. दोन्हीकडून निरोप जाईल अशी इस्रोची निराळी यंत्रे आहेत. ती १ लाख होड्यांवर टप्प्याटप्प्याने बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुरू झाली. तुमच्या होडीवर ते यंत्र आहे की नाही, हे मच्छिमार सोसायटीत विचारा. नसेल तर व्हीएचएफ वायरलेस बरोबर ठेवा. संकटात चॅनेल १६ वर हाक द्यायची असते.

आणि भगिनींनो, यात तुमचेही काम आहे. होडी निघताना एका कागदावर लिहून घ्या : होडीचे नाव व नंबर, माणसे किती, जाणार कुठे, परतणार केव्हा. वेळ टळली, होडी आली नाही, तर रडत बसू नका. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे. तो फिरवा आणि कागद वाचून दाखवा.

तुम्ही आता लिहा-वाचायला शिकला आहात. आज घरी गेल्यावर पहिले काम हेच करा. तो नंबर मोठ्या आकड्यांत लिहा आणि दाराजवळच्या भिंतीवर लावा.