जपणूक की कोंडी?

(नेरूळ येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



घरभेटींमध्ये आया मला एक तक्रार हमखास सांगतात : "मुलगी लवकर दमते, पाय दुखतात म्हणते." दिवसभर काय करते विचारलं की कळतं, शाळेची बस दारात, क्लास शेजारच्या इमारतीत, उरलेला वेळ घरात. खाली खेळायला? "एकटीला कसं सोडायचं हो?"

सिडको १९७० साली स्थापन झाली. आपलं शहर आधी आखून मग उभं राहिलं, मैदानांसाठी जागा राखून. संध्याकाळी त्या मैदानांवर नजर टाका. मुलगे क्रिकेट खेळत असतात. दहा-अकरा वर्षांपुढची मुलगी क्वचितच दिसते. पाळी आली की तिची सायकल गॅलरीत जाते, तिथून भंगारात. लहानपणी मुलग्यालाही जपतात, पण वय वाढतं तसा तो सुटतो. मुलगी अडकत जाते.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटं धावपळ हवी. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातल्या ११ ते १७ वयाच्या ७८ टक्के मुलग्यांना आणि ८५ टक्के मुलींना तेवढी मिळत नव्हती. आपल्याकडच्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या सुमारे २४ टक्के मुलामुलींत ड जीवनसत्त्व कमी आढळलं. एवढं ऊन असलेल्या देशात! हाडं भरण्याचं वय हेच. ती पुढे ठिसूळ झाली की आपण म्हणतो, बाईचं वय झालं.

भीती खोटी नाही. पण केंद्र सरकारच्या २००७ च्या बाल अत्याचारांवरील अभ्यासात निम्मे अत्याचारी मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले. म्हणजे कडी लावून धोका बाहेर राहत नाही. आणि जिच्या वतीनं सतत आईच बोलते, ती "नाही" म्हणायला कधी शिकणार?

यात आईलाच बोल लावणं मला मान्य नाही. मुलीचा गुडघा फुटला तर "तुझं लक्ष कुठं होतं?" हा प्रश्न बापाला कोण विचारतं? दोषाच्या धाकानं ती दार लावते.

एका सेक्टरमध्ये पाच आयांनी पाळ्या लावल्या आहेत. रोज एकजण भाजी निवडत मैदानाच्या कडेला बसते, मुली खेळतात. रविवारची पाळी बापांची, अजून दोघंच येतात. तिथला दिवा बंद आहे, म्हणून सातला खेळ थांबतो. दिव्याचा अर्ज मागच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना सह्या करा, घरच्या पुरुषांच्याही आणा.