अवर्षणाची कारणमीमांसा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस दुष्काळाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे; मुलांस भूगोल शिकविला एवढीच आमची पुंजी. तेव्हा नकाशाच पुढे धरतो.

नांदेड-लातूरचा पाऊस मुळातच उरलासुरला. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि अलीकडे उतरताना कोरडे बनतात. बंगालच्या उपसागराकडील ढगांचा लाभ पूर्वेच्या नांदेडास थोडा अधिक होतो, लातुरास कमी. जमिनीखाली काळा कातळ. त्यात पाणी राहते ते केवळ मुरुमात व भेगांत.

या तुटपुंज्या संसारात दूरचा प्रशांत महासागर हात घालतो. तेथील व्यापारी वारे मंदावले म्हणजे उष्ण पाणी पूर्वेस पेरूकडे सरकते, ढगही त्यामागे जातात आणि आपल्याकडे हवा खाली दबून पाऊस अडतो. यासच 'एल निनो' म्हणतात. १८७७, १९७२ व २०१५ ही साले त्याचीच होत. तथापि १९९७ साली तो प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका पडला. पत्रिकेतील शनीप्रमाणे प्रत्येक संकटाचे खापर त्याच्या माथी फोडू नये!

आता पृथ्वीच तापत आहे. तपमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. ती मातीचा ओलावा शोषून घेते, आणि देते तेव्हा मात्र दोन-चार दिवसांत ओतून मोकळी होते. मधली उघडीप पिकांस मारते. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले होते; मिरजेहून रेल्वेने लातुरास पाणी आणावे लागले, पाणवठ्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच जिल्ह्यात अतिवृष्टी झाली!

परंतु सारा दोष आभाळाचा नव्हे. धरण आटत असताना त्याच खोऱ्यात ऊस डोलत होता, आणि तो लावणाऱ्यांत आपलेही बांधव होते. हे ऐकून पुढच्या रांगेतील काही मंडळींस राग येईल, येवो.

संस्थेच्या वसतिगृहासाठी तिसरी विंधनविहीर घेण्याचा ठराव आज दुपारी सभेपुढे येणार आहे. पहिल्या दोन आटल्या आहेत. त्याच कातळातील भेगांचे पाणी आणखी खोलवरून उपसावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या वस्तीचा हातपंपही त्याने कोरडा पडेल. उलट १०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७०,००० लिटर पाणी होते. आवारातील जुना आड गाळाने भरला आहे. तो उपसून छपराच्या पन्हाळी त्यात सोडाव्यात, अशी आमची उपसूचना आहे. तिची लेखी प्रत चिटणीसांकडे दिली आहे. अनुमोदक हवा आहे.