काविळीत नुसता पिवळेपणा बघू नका

आम्ही गणेशपुरीच्या बचत गटातून बोलतोय. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली, माणसं दगावली. रिपोर्टात आपण बिलिरुबिनचा आकडा बघतो. तो पित्तनळी सुजून तुंबली तरी वाढतो. यकृत किती थकलंय, ते ‘आयएनआर’ तपासणीतून जास्त कळतं. रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवतं. निरोगी माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. तो १.५ पर्यंत चढला किंवा माणूस बरळू लागला, तर माळ घालून, कावीळ उतरवून वाट बघू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. गरोदर बाईला तर पहिल्याच दिवशी न्या. ‘ई’ प्रकारची कावीळ शेवटच्या महिन्यांत तिच्या जिवावर उठते. पाणी उकळूनच प्या. आणि डॉक्टरांना न लाजता विचारा, “आयएनआर केला का?”