समालोचक कुणाच्या बाजूचा?



फुटबॉलचा सामना संपला की त्यावरची भांडणं सुरू होतात, आणि पंचांच्या पाठोपाठ ज्याचा उद्धार होतो तो समालोचक. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने आपल्याकडे शनिवार-रविवारी संध्याकाळपासून पार मध्यरात्रीपर्यंत चालतात. पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात लिव्हरपूलचे, आर्सेनलचे, मँचेस्टर युनायटेडचे पाठीराखे एकत्र जमून ते बघतात. अशा मंडळींत मी बरीच वर्षं बसतो आहे. लिव्हरपूल विरुद्ध युनायटेड असा सामना असला की खोलीच्या दोन्ही कोपऱ्यांतून एकच तक्रार येते: "बघ, हा त्यांच्याच बाजूनं बोलतोय." आवाज एक, वाक्यं तीच, आणि ती दोन्हीकडच्यांना आपल्या विरुद्ध वाटतात. या तक्रारीत तथ्य किती, आणि असलं तर ते नेमकं कुठं, याविषयी आज मला बोलायचं आहे.

सुरुवात रेडिओपासूनच करतो, कारण धावत्या समालोचनाचा जन्म रेडिओवरच झाला. जानेवारी १९२७ मध्ये बीबीसीनं ट्विकनहॅमच्या मैदानावरून इंग्लंड विरुद्ध वेल्स हा रग्बीचा सामना ऐकवला. त्यानंतर आठवड्याभरात, २२ जानेवारीला, लंडनच्या हायबरी मैदानावरून आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड हा फुटबॉलचा सामना ऐकवला. दोन्ही वेळा बोलणारा माणूस एकच, टेडी वेकलम. तो स्वतः रग्बी खेळलेला. मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा 'रेडिओ टाइम्स'मध्ये आधीच छापला होता. वेकलम खेळाचं वर्णन करायचा आणि शेजारचा जोडीदार चेंडू कितव्या चौकोनात आहे तो आकडा सांगायचा. लोक घरी नकाशा पुढ्यात ठेवून बोट फिरवत ऐकत होते. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. वेकलमच्या समोर एका अंध माणसाला बसवलं होतं. महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स नावाची संस्था होती, तिथला हा गृहस्थ, रग्बीचा दर्दी. वेकलमला सांगितलेलं एवढंच: या माणसाला सामना दाखवा.

समालोचकाचं इमान कुणाशी, याचं उत्तर वेकलमच्या समोरच बसलेलं होतं. ज्याला दिसत नाही त्याच्याशी. आर्सेनलशी नाही, शेफील्डशीही नाही. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ते बोलत होते म्हणून आपल्याला दिसत होतं.

आता पाठीराख्याच्या कानाविषयी. १९५१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये त्यांच्याकडचा, अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल सामना झाला. फार धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची एकच फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि जिथं नियमभंग दिसेल तिथं खूण करायला सांगितलं. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे सरासरी चार-साडेचार नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या मुलांना त्याच डार्टमथचे जवळजवळ दहा दिसले. या फिल्मवर कुणी समालोचक बोलत नव्हता, तरी हा फरक पडला. म्हणजे आपण समालोचकाच्या माथी जे मारतो त्यातलं बरंचसं आपल्याच डोळ्यांतून आलेलं असतं.

पण एवढं सांगून पाठीराख्याला वेड्यात काढणं मला मान्य नाही. आपल्या संघाचे मोसमातले अडतीसच्या अडतीस सामने बघणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते चार दिवसांच्या तयारीवर बोलणाऱ्याला माहीत नसतं. डावा बचावपटू दुखापतीतून नुकताच परतलाय म्हणून पुढं जात नाहीये, हे त्याला ठाऊक असतं. समालोचक म्हणतो, "आज अंगात उत्साह दिसत नाही." पाठीराख्याला ते पक्षपाती वाटतं. खरं म्हणजे ते अज्ञान आहे, आणि त्याचा राग येणं रास्त आहे.

दुसरी गोष्ट वाक्याच्या कर्त्याची. मोठा क्लब आणि लहान क्लब खेळत असले की कर्ता बहुतेक वेळा मोठा क्लबच होतो. युनायटेडनं चूक केली, युनायटेडनं दोन गुण घालवले, युनायटेडला सूर सापडेना. समोर बर्नली असेल तर ती चूक बर्नलीनं करायला लावली, मधल्या फळीतले दोन खेळाडू सतत अंगावर धावून जात होते म्हणून पास चुकला, हे सांगायचं राहून जातं. कुणी मुद्दाम करतं असं नाही. मोठ्या क्लबांचे सामने जास्त दाखवले जातात, त्यांची गोष्ट आठवडाभर चालू असते, आणि लहान क्लब त्या गोष्टीत पाहुणा म्हणून येतो. २०१५-१६ च्या मोसमात लेस्टर सिटी अव्वल स्थानी असतानाही कितीतरी महिने चर्चा होती ती हे कधी घसरणार याचीच. मोसमाआधी त्यांच्यावर एकाला पाच हजार असा भाव होता. शेवटी ते विजेते झाले. लहान क्लबाचा पाठीराखा कर्त्याविषयी तक्रार करतो तेव्हा तो बहुधा बरोबर असतो.

जिथं तो चुकतो ते आवाजाच्या बाबतीत. "आमच्या गोलला एवढा ओरडला नाही" ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे. १३ मे २०१२ चा दिवस घ्या. मोसमाचा शेवटचा दिवस, युनायटेडनं सुंदरलँडला हरवून आपला सामना संपवलेला, आणि मँचेस्टर सिटीच्या मैदानावर जादा वेळ चालू. तिथं सर्जिओ आग्वेरोनं गोल केला, सिटीला ४४ वर्षांनी विजेतेपद मिळालं, आणि समालोचक मार्टिन टायलरनं त्याचं नाव असं काही लांबवलं की ते अजून लोकांच्या कानात आहे. युनायटेडच्या काही पाठीराख्यांना तो आवाज आजही टोचतो. पण त्याच्या तीन आठवडे आधी, बार्सिलोनाच्या मैदानावर, दहा खेळाडूंनिशी लढणाऱ्या चेल्सीच्या फर्नांडो टोरेसनं जादा वेळात गोल केला तेव्हा समालोचन करणाऱ्या गॅरी नेव्हिलच्या तोंडून जो चीत्कार निघाला तो कुठल्या निष्ठेतून आला? नेव्हिल सारं आयुष्य युनायटेडकडून खेळलेला. चेल्सीवर माया करण्याचं त्याला काही कारण नव्हतं. आवाज चढवतं ते घड्याळ आणि पणाला लागलेलं सगळं मिळून. विसाव्या मिनिटाच्या गोलला तसा कुणीच ओरडत नाही, मग तो कुणाचाही असो.

आता ज्या प्रसंगामुळे या विषयावर बोलावंसं वाटलं तो सांगतो. २२ जून १९८६, मेक्सिको सिटीचं अझ्टेका मैदान, विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंडच्या युद्धाला जेमतेम चार वर्षं झालेली. उत्तरार्धाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजच्या पायावरून चेंडू उंच उडून त्याच्याच गोलकडे गेला. गोलरक्षक पीटर शिल्टन पुढं आला. डिएगो माराडोनानं उडी मारली. चेंडू जाळ्यात. ट्युनिशियाच्या पंचांनी गोल दिला आणि इंग्लंडचे खेळाडू हात दाखवत त्यांच्याकडे धावले.

बीबीसीच्या दूरदर्शनवर बॅरी डेव्हिस बोलत होते. अत्यंत जाणता, तोलूनमापून बोलणारा समालोचक. त्या क्षणी त्यांना वाटलं की खेळाडू ऑफसाइडची दाद मागताहेत, आणि चेंडू तर हॉजच्या पायावरून आलेला आहे, म्हणजे ऑफसाइडचा प्रश्नच नाही. चेंडूला हात लागला हे त्या पहिल्या क्षणी त्यांच्या नजरेतून निसटलं. तेवढ्या अंतरावरून, एका क्षणात, ते भल्याभल्यांच्या नजरेतून निसटलं असतं. पंचांच्याही निसटलं.

त्याच वेळी अर्जेंटिनाच्या रेडिओवर विक्तोर उगो मोरालेस बोलत होता. मूळचा उरुग्वेचा, पण बोलणं अर्जेंटिनासाठी. निष्पक्षपातीपणाचा आव त्यानं कधी आणलाच नाही. गोल झाला आणि तो जिवाच्या आकांतानं 'गोल' म्हणून ओरडला, श्रोत्यांनी घरोघरी उड्या मारल्या. आणि लगेच, त्याच दमात, त्यानं सांगितलं की माझ्या मते हा गोल हातानं झालेला आहे. इंग्लंडचे खेळाडू करताहेत तो निषेध रास्त आहे, हेही सांगितलं. मी मनापासून ओरडतोय, पण मला जे वाटतं ते तुम्हाला सांगणं भाग आहे, अशा अर्थाचं तो बोलला. त्याचा सारा श्रोतृवर्ग अर्जेंटिनाचा होता. नुसतं ओरडून थांबला असता तर एकानंही जाब विचारला नसता. रेडिओ ऐकणाऱ्याला हात लागलेला दिसणार कुठून? आणि म्हणूनच त्यानं सांगितलं.

चार मिनिटांनी माराडोनानं अर्ध्या मैदानापलीकडून निघून, एकेकाला चुकवत, शिल्टनलाही बाजूला टाकून दुसरा गोल केला. मोरालेस त्या वेळी रडला, देवाचे आभार मानले, माराडोना कोणत्या ग्रहावरून आला असं विचारलं. जगभर त्याचं ते दुसऱ्या गोलचं समालोचन वाजवलं जातं. मला मात्र त्याची थोरवी पहिल्या गोलात दिसते. बाजू उघड घेतलेली, आणि तरीही त्या सेंट डन्स्टन्सच्या माणसाशी इमान राखलेलं.

म्हणून समालोचकाची निष्ठा कुठं आहे यात मला फारसा रस वाटत नाही. बीबीसीच्या फुटबॉल कार्यक्रमाचा तेव्हाचा निवेदक गॅरी लिनेकर लेस्टरचा, हे सगळ्या इंग्लंडला माहीत होतं. संघानं लीग जिंकली तर अंतर्वस्त्रांवर कार्यक्रम करीन असं तो म्हणाला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये त्यानं तो केलाही. त्यामुळे त्याच्या फुटबॉलच्या जाणकारीवरचा कुणाचा विश्वास उडाला नाही. स्वतःच्या संघाच्या खेळाडूनं हात लावला तर समालोचक ते सांगतो की नाही, एवढंच मी बघतो.

आणि आता ज्या पक्षपाताची तक्रार पाठीराखे क्वचितच करतात त्याकडे येतो. २०२० साली रनरिपीट या संस्थेनं इंग्लंड, स्पेन, इटली आणि फ्रान्सच्या अव्वल लीगमधले ८० सामने घेऊन इंग्रजी समालोचकांची खेळाडूंविषयीची दोन हजारांहून अधिक विधानं तपासली. बुद्धी आणि खेळाची समज यांबद्दलच्या कौतुकापैकी सुमारे ६३ टक्के गोऱ्या वर्णाच्या खेळाडूंच्या वाट्याला आलं होतं. समज कमी पडली अशी टीका मात्र जवळपास तेवढ्याच प्रमाणात सावळ्या-काळ्या वर्णाच्या खेळाडूंवर झाली होती. ताकदीविषयीचं वाक्य काळ्या खेळाडूबद्दल असण्याची शक्यता साडेसहापट, वेगाविषयीचं तिपटीहून जास्त.

हा पक्षपात संघांच्या मधून जात नाही, प्रत्येक संघाच्या आतून जातो. लिव्हरपूलवाला आणि युनायटेडवाला आपापल्या संघाविषयीची बरी-वाईट वाक्यं मोजत बसले तर दोघांनाही तो सापडणार नाही. एन्गोलो कान्टे आठवा. लेस्टरकडून २०१६ ला आणि चेल्सीकडून २०१७ ला सलग दोन वर्षं लीग जिंकलेला ठेंगणासा खेळाडू. त्याच्याविषयी बोलणं निघालं की छाती केवढी, फुप्फुसं केवढी, हा दमतच कसा नाही, हेच जास्त. तो धावायचा हे खरंच. पण त्याला नीट बघा. समोरचा पास देण्याआधीच हा दोन पावलं सरकलेला असे. चेंडू त्याच्या पायाशी आपसूक येतोय असं वाटायचं, कारण तो कुठं येणार हे त्यानं आधीच ताडलेलं असे. ही खेळाची समज आहे, आणि ती उच्च दर्जाची आहे. ती दिसायला हवी होती आणि सांगायला हवी होती. ज्या पाठीराख्यांनी कान्टेला डोक्यावर घेतलं त्यांनीही ती वाक्यं निमूटपणे ऐकून घेतली. माझी तक्रार समालोचकाइतकीच त्यांच्याबद्दलही आहे.

शेवटी आपल्या घरच्या मैदानाविषयी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. तिथं समालोचन करायला तटस्थ माणूस शोधू गेलं तर गावात सापडायचा नाही, आणि गावाबाहेरून आणला तर त्याला खेळाडू ओळखू येणार नाहीत. केरळात शैजू दामोदरन यांनी मल्याळममधून इंडियन सुपर लीगचं समालोचन सुरू केलं आणि ते घराघरांत पोहोचलं. मराठीत फुटबॉलचं धावतं समालोचन जाणीवपूर्वक उभं राहावं, आणि त्याची सुरुवात कोल्हापुरातून व्हावी, असं मला फार वाटतं. बोलणारा एखाद्या पेठेचा असणार हे धरूनच चालू या. निवड करताना त्याला त्याच्याच तालमीचा एखादा जुना, वादग्रस्त सामना दाखवावा आणि त्याच्यासमोर एका अंध श्रोत्याला बसवावं. सामना झाल्यावर त्या श्रोत्याला विचारावं, हात कुणाचा लागला?