पऱ्हाटीवरचा मावा आणि ढालकिडा



पानामागे मावा दिसला की हात पंपाकडे जातो. जरा थांबा. तिथेच मावा खाणारा, ठिपक्यांचा ढालकिडा असतो. त्याची काळपट अळीही मावाच खाते. तिलाच कीड समजून आपण मारतो! मुंग्या मात्र गोड चिकट्यासाठी माव्याची राखण करतात.

फवाऱ्याने दोघेही मरतात. पण माव्याची मादी नराशिवाय पिले देते, ती आठवडाभरात विणारी होतात. ढालकिडा अंड्यातून मोठा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. मोकळ्या रानात आधी परततो मावाच. मग दुसरी फवारणी, पुन्हा उधारी. आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात तर फवारताना विषबाधेने माणसे गेली.

ज्वारीवरच्या माव्यावर ढालकिडे पोसतात, म्हणून पऱ्हाटीत ज्वारीच्या ओळी ठेवा. ढालकिडे भरपूर दिसले तर पंप घरीच राहू द्या.