शेवटचा घास
(वर्षावासात विहारात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय फळ्यावर वाचून काही जण गालातल्या गालात हसले. धम्माच्या व्यासपीठावरून वजन कमी करण्याच्या गोष्टी कशाला, असं त्यांना वाटलं असेल. परंतु बंधूंनो, हा विषय मी बाहेरून आणलेला नाही. तो त्रिपिटकातला आहे. संयुत्त निकायात कोसल देशाच्या राजाविषयीची सुत्ते आहेत. त्यातलं एक छोटंसं सुत्त आहे, दोणपाक सुत्त. त्याचा विषयच मुळी राजाचं जास्त जेवण हा आहे.

राजा पसेनदी, ज्याला आपण प्रसेनजित म्हणतो, रोज एक द्रोण तांदळाचा भात खात असे. द्रोण म्हणजे आपल्या पंगतीतला पानांचा द्रोण नव्हे, तर धान्य मोजायचं मोठं माप. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो श्रावस्तीला भगवंतांच्या दर्शनाला आला. भगवंतांनी त्याची अवस्था ओळखली. आता इथे नीट लक्ष द्या. भगवंत त्याला रागावले नाहीत, हसले नाहीत, "राजा, तू खादाड आहेस" असं म्हणाले नाहीत. त्यांनी एक गाथा सांगितली. तिचा भावार्थ असा की, जो माणूस सदैव सजग राहून जेवणात प्रमाण ओळखतो, त्याचे त्रास कमी होतात आणि म्हातारपण त्याच्याकडे सावकाश येतं.

राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला सांगितली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. त्यासाठी दररोज शंभर कहापण देण्याचं कबूल केलं. हळूहळू राजाचा आहार एका नाळीवर आला. द्रोणाच्या मानाने नाळी हे फारच लहान माप. राजाचं अंग हलकं झालं आणि भगवंतांनी आपल्यावर किती अनुकंपा केली हे त्याने स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवलं.

धम्मपदाच्या अट्ठकथेत हीच गोष्ट आणखी खुलासेवार येते. तिथे भगवंत त्या तरुणाला युक्ती सांगतात. राजा शेवटचा घास घ्यायला लागला की गाथा म्हण. राजा तो घास ठेवून देईल. त्या घासात जेवढी शितं असतील, तेवढे तांदूळ पुढच्या वेळी कमी शिजव. बस्स, एवढंच. उपास नाही, व्रत नाही, नवस नाही. रोज एक घास कमी.

या गोष्टीत तीन शिकवणी आहेत असं मला वाटतं.

पहिली, आठवण वेळेवर हवी. जास्त खाऊ नये हे राजाला ठाऊक नव्हतं का? आपल्याला ठाऊक नाही का? सकाळी सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण ताट समोर आलं की विसरतं. म्हणून भगवंतांनी उपदेश कुठे ठेवला? ताटाजवळ. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात असं डॉक्टर सांगतात. आपण दहा मिनिटांत उरकतो, म्हणजे निरोप यायच्या आधीच दोन पोळ्या जास्त गेलेल्या असतात. तेव्हा टीव्ही बंद करा, मोबाईल बाजूला ठेवा, घास चावून खा. अर्धं जेवण झालं की हात थांबवून तीन श्वास बघा आणि मनाला विचारा, अजून भूक आहे की नुसती चव आहे? थेरगाथेत सारिपुत्त स्थविर सांगतात की चार-पाच घासांची जागा राहू द्यावी आणि पाणी प्यावं. अर्हताला जे सांगावंसं वाटलं, ते आपल्याला लागू नाही का?

दुसरी, कमी करायचं ते स्वयंपाकात करा, ताटात नव्हे. इथे मला जरा मोकळं बोलायचं आहे. ताटात अन्न टाकायचं म्हटलं की आपल्या जुन्या माणसांच्या पोटात कालवतं. त्याला कारण आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीचे शिळे तुकडे मागून आणले. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की उष्टं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडा, स्वाभिमानाने जगा. पुढे 1972 चा दुष्काळ आला. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं आज या सभागृहात बसली आहेत. ज्यांनी भूक पाहिली, त्यांना पोट भरून खायला घालणं हेच प्रेम वाटतं. ते चूक कसं म्हणू?

पण त्याचा परिणाम काय होतो बघा. घरातली बाई सगळ्यांत शेवटी जेवते आणि पातेल्यात उरलेला भात, पोराने टाकलेली अर्धी पोळी "वाया जाईल" म्हणून स्वतःच्या पोटात टाकते. भगिनींनो, पोट ही उरलंसुरलं टाकायची जागा नाही. जे उष्टं बाबासाहेबांनी गावातून बंद केलं, ते घरातल्या बाईच्या वाट्याला का यावं? म्हणून अट्ठकथेतली युक्ती मोलाची आहे. अन्न फेकायचं नाही, शिजवायचंच कमी. एक मूठ तांदूळ कमी घ्या. उरलंच तर लगेच झाकून ठेवा आणि सर्वांनी मिळून दुसऱ्या वेळेला खा. आणि सगळे एकत्र बसून जेवा, म्हणजे बाईला पातेलं पुसत बसावं लागणार नाही.

तिसरी, घरात एक सुदस्सन हवा. पण सुदस्सनला राजाने स्वतः नेमलं होतं, हे विसरू नका. न विचारता "किती खातेस, किती सुटलीस" म्हणणारा सुदस्सन नव्हे, तो टोमणे मारणारा झाला. टोमण्याने माणूस खाणं सोडत नाही, लपून खातो. तेव्हा ज्याला वजन कमी करायचं आहे त्याने नवऱ्याला, बायकोला, लेकीला सांगावं की मी तिसरी पोळी मागितली की मला एवढंच म्हण, "झालं का?" शब्द आधी ठरवून घ्या, आवाज प्रेमाचा ठेवा. आणि जयंतीच्या पंगतीत आग्रह करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. साखरेच्या माणसाच्या पानात बळंच जिलेबी वाढण्यात कसली मैत्री? बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळलं, हे आपण जाणतो.

आता मनाच्या भुकेविषयी थोडं सांगतो. दुपारी चारला किंवा रात्री दहाला काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारा, "आत्ता भाकरी आणि भाजी दिली तर खाईन का?" खाईन असं उत्तर आलं तर ती पोटाची भूक आहे, खुशाल खा. "नको, फरसाणच हवं" असं उत्तर आलं तर ती मनाची आहे. कंटाळा असेल, काळजी असेल, कुणाशी भांडण झालं असेल. विपश्यनेला बसलेल्यांना माहीत आहे की इच्छा उठते, वाढते आणि निघून जाते. तिच्याशी कुस्ती खेळू नका. दहा मिनिटं तिच्याकडे बघत बसा, नाहीतर वस्तीला एक फेरी मारून या. अनित्य म्हणजे काय, ते डब्याजवळ उभं राहूनही कळतं.

रात्रीच्या जेवणाविषयीही भगवंत बोलले आहेत. मज्झिम निकायातल्या कीटागिरि सुत्तात ते भिक्खूंना सांगतात की रात्रीचं जेवण सोडल्याने आपले आजार कमी राहतात, अंग हलकं राहतं, बळ राहतं. पौर्णिमा-अष्टमीला अष्टशील घेणाऱ्या उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत, त्यांना हा अनुभव आहे. आपण गृहस्थांनी निदान रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं करावं. मात्र ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण सोडू नये. गरोदर बायका आणि वाढती मुलं यांनाही हे लागू करू नका. सिद्धार्थाने अन्न सोडून शरीर झिजवून पाहिलं, तो मार्ग नाही हे ओळखलं आणि सुजाताची खीर घेतली. उपाशी मरणं हाही धम्म नाही. मध्यम मार्ग ताटातही आहे.

कुणी महिन्यात दहा किलो उतरवायचा संकल्प करू नका. राजासुद्धा एका दिवसात द्रोणावरून नाळीवर आला नाही. आज घरी गेल्यावर एक मूठ तांदूळ कमी टाका, आणि शेवटच्या घासाला थांबून स्वतःला विचारा. आपल्या माणसांनी भाकरीसाठी मान खाली घातली, ती मान बाबासाहेबांनी वर केली. आता मिळालेलं हे आयुष्य निरोगी राहून, नातवंडांना विहारात बोटाला धरून आणण्याइतकं लांबावं, एवढीच मंगल कामना करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय. जयभीम.